गारा थांबल्यावरच वावरात जा

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या देऊळगाव राजाकडे गारपीट सालावरून ओळखतात. 2014 ची म्हणजे महाशिवरात्रीच्या सुमारास सुरू झालेली आणि मार्चमध्येही राज्यभर ठिकठिकाणी कोसळत राहिलेली. 2018 ची म्हणजे 11 फेब्रुवारीची, रविवारची. तिने शेजारच्या जालना जिल्ह्यासकट आमचा पट्टा झोडपला. 26 नोव्हेंबर 2023 ची शेडनेटवाल्यांच्या कायमची लक्षात राहिली. पुढे तीनच महिन्यांत आमच्या जिल्ह्यात पुन्हा गारा पडल्या. तरी दर वेळी गावात एकच वाक्य ऐकू येतं, ‘असं कधी झालं नव्हतं.’ झालं होतं, आणि पुन्हा होणार आहे. एवढं धरूनच रब्बीची तयारी करा.

थंडी सरता सरता दुपारचं ऊन चटके देऊ लागतं, समुद्राकडून दमट वारं येतं आणि वर उत्तरेकडची थंड, कोरडी हवा असते. तेव्हा ढग फार उंच चढतात. आतला वर जाणारा वारा थेंबांना गोठणाऱ्या उंचीवर नेतो, बर्फावर बर्फ चढतो आणि वाऱ्याला पेलवेनासा झाला की खाली येतो. मोठी गार फोडून बघा, आत पांढरे आणि काचेसारखे थर दिसतात. दुपारी कोंदट उकाडा आणि पश्चिमेला काळंनिळं आभाळ दिसलं, तर उघड्यावरची कामं तिथंच थांबवा.

आमच्याकडे बीजोत्पादनाची शेडनेट पुष्कळ आहेत. गारा सुरू झाल्या की जाळीवर त्या साचतात, जागोजाग झोळ पडतो, तारा ताणल्या जातात आणि लोखंडी पाइप कोपरात वाकतो. आत मिरची-टोमॅटोची परागीकरण केलेली, दोरा बांधलेली फुलं असतात, महिनोन् महिन्यांची मजुरी त्यात गेलेली असते. म्हणून माणूस बांबू घेऊन आत धावतो आणि खालून झोळ उचलायला बघतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि हात जोडून सांगतो, असं करू नका. बर्फाने भरलेला तो झोळ तारांसकट अंगावर येतो. जाळी गेली तर जाऊ द्या.

टिनाच्या शेडचाही भरवसा धरू नका, त्यातही शेजारी जुनं झाड असेल तर मुळीच नाही. 9 एप्रिल 2023 ला अकोला जिल्ह्यातल्या पारसला वादळी पावसात मंदिराजवळच्या टिनाच्या शेडवर कडुनिंबाचं मोठं झाड कोसळलं आणि 7 माणसं गेली. ती त्या शेडखालीच होती. पक्कं घर, शाळा, बंद दारांची गाडी, यातलं जे जवळ असेल ते गाठा. काहीच नसेल तर घमेलं नाहीतर पाटी डोक्यावर धरा, पाठ वाऱ्याकडे करा आणि झाडापासून दूर राहा, कारण गारांसोबत वीज असतेच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना देतं. घरातल्या पोरांकडून ते मोबाइलवर घेऊन ठेवा. ढोरं झाडाला बांधू नका.

हरभरा सोंगून ठेवला असेल तर सुडी उंचवट्यावर लावा आणि ताडपत्री आधीच दोरीने आवळून ठेवा. वादळ सुटल्यावर ती हातात राहत नाही.

गारा थांबल्यावर आधी वावरातलं पाणी काढा. वाचलेल्या झाडांच्या जखमांतून बुरशी शिरते, म्हणून फवारणी कोणती आणि कधी, हे बुलढाणा किंवा जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा. मोडलेलं पीक उपटण्याआधी तारीख दिसेल असे फोटो काढा, त्यात गट ओळखू येईल असा बांध किंवा विहीर येऊ द्या, आणि तलाठी व कृषी सहायकांना त्याच दिवशी लेखी कळवा. सरकारी मदतीला 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान धरतात. पंचनाम्यावर सही करण्याआधी त्यातला नुकसानीचा आकडा, पिकाचं नाव आणि क्षेत्र स्वतः वाचा. पीकविम्याचे नियम बदलत असतात, यंदाचे काय आहेत ते पेरणीच्या वेळीच विचारून ठेवा.