परसातील कोहळ्याची वेल : फळ का गळते?
(परिसर अभ्यास : इयत्ता ४ थी व ५ वी)

पाठाचा हेतू.— वेलीवर दिसणाऱ्या दोषाचे कारण विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून शोधावे, आणि कारण निश्चित झाल्यावाचून उपाय करू नये, ही सवय त्यांच्या अंगी बाणावी.

साहित्य.— शाळेतील किंवा घरच्या परसातील कोहळ्याच्या वेली, पातळ कापडाच्या लहान पिशव्या, रंगीत दोरा, चाकू, नोंदवही.

प्रस्तावना.— जूनअखेर विदर्भातील शाळा उघडतात आणि त्याच सुमारास भिवापूर परिसरातील परसांत कोहळे म्हणजे लाल भोपळा, लौकी म्हणजे दुधी भोपळा व दोडकी यांचे बी टोचले जाते. पोळ्याच्या आगेमागे वेली फुलांनी भरतात. पण बोटभर झालेली फळे पिवळी पडून गळू लागतात. अशा वेळी घरात मिरचीवर किंवा कापसावर मारून उरलेले औषध वेलीवर शिंपडण्याचा मोह होतो. हा मोह घातक आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. ज्या वेलीचे फळ मुलांच्या ताटात यावयाचे, तिच्यावर विष घालण्यापूर्वी फळ का गळते, हे पाहणे अगत्याचे आहे.

नरफूल व मादीफूल.— शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सकाळी लवकर वेलीपाशी न्यावे. कोहळ्याची फुले पहाटे उमलतात व ऊन तापण्यापूर्वी मिटतात. लौकीची पांढरी फुले मात्र सायंकाळी उमलतात. ज्या फुलाचा देठ सडपातळ, ते नरफूल. ज्याच्या बुडाशी इवलेसे फळ आधीपासूनच असते, ते मादीफूल. आरंभी बहुधा नरफुलेच येतात. ती गळाली तर त्यात काही दोष नाही.

नरफुलातील पराग मादीफुलावर पोहोचला तरच फळ धरते. कोहळ्याचा पराग जड व चिकट असल्याने तो वाऱ्याने जात नाही. त्याला मधमाशी लागते. कोहळे मूळचे अमेरिका खंडातील. तेथे या फुलांवर पहाटेच काम करणाऱ्या मधमाश्यांच्या खास जाती आहेत. आपल्याकडे हे काम मुख्यतः सातेरी, आग्या इत्यादी मधमाश्या करतात. सकाळी केलेल्या फवारणीने मधमाश्या मरतात, म्हणून फळगळ थांबण्याऐवजी वाढते.

गळलेले फळ कापून पाहावे.— आत अळी नसेल व फळ नुसतेच सुकून पिवळे पडले असेल, तर बहुधा परागीभवन झालेले नाही. आत पांढरट अळ्या वळवळत असतील, तर तो फळमाशीचा उपद्रव होय. ही माशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. टोचलेल्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो व फळ वाकडे होते. पुढे अळी जमिनीत शिरून कोष करते. म्हणून किडके फळ उकिरड्यावर टाकू नये. दोन फूट खोल पुरावे. कोवळ्या फळांना परागीभवनानंतर कागदी पिशवी बांधली असता ती वाचतात.

इतर दोष.— रोप दोन पानांचे असताना पानांना भोके पडली, तर तांबडे भुंगेरे शोधावेत. सकाळी ते सुस्त असतात. हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. दव असताना पानांवर राख धुरळावी.

पानांवर पिठासारखी पांढरी बुकटी दिसली, तर ती भुरी होय. ब्राझीलमधील संशोधक वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ साली भोपळ्याच्याच कुळातील झुकिनीवर प्रयोग करून दाखविले की, एक भाग दूध व नऊ भाग पाणी यांच्या फवाऱ्याने भुरी आटोक्यात येते.

दुपारी पाने माना टाकतात व सायंकाळी पुन्हा ताठ होतात. ही रोगाची खूण नव्हे. सायंकाळीही ती ताठ झाली नाहीत, तर माती उकरून पाहावी. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. तेथे बी उंचवट्यावर लावावे व पाण्याला वाट काढून द्यावी.

पाने दाट पण फुले थोडी असतील, तर नत्रखत अधिक झाले असे समजावे. पाने हिरवी-पिवळी चितारल्यासारखी होऊन आखडली असतील, तर तो विषाणूजन्य रोग असतो. त्याला औषध नाही. वेल उपटून टाकावी.

सावधगिरी.— लौकी, दोडके किंवा कोहळे कडू लागल्यास ते मुळीच खाऊ नये. त्यातील कुकुर्बिटासिन हे विषारी द्रव्य शिजविल्याने जात नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू दुधीच्या रसाबाबत असाच इशारा दिलेला आहे. शाळेच्या स्वयंपाकात फळ घालण्यापूर्वी मोठ्या माणसाने प्रत्येक फळाचा कणभर तुकडा जिभेला लावून पाहावा व थुंकून टाकावा.

प्रयोग.— कोवळ्या फळाला बोट दाखविले की ते कुजते, अशी समजूत खेड्यापाड्यांत आढळते. मुलांना तिच्याबद्दल रागवू नये. ती पारखून पाहू द्यावी. उद्या उमलतील अशा मादीफुलांच्या दहा कळ्या सायंकाळी निवडून पिशव्यांत बांधाव्यात. एका दिवशी न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत मिळून घ्याव्यात. सकाळी त्यांपैकी पाच फुलांना ताज्या नरफुलाचे पुंकेसर हलकेच लावावे, लाल दोरा बांधावा व पिशवी पुन्हा चढवावी. उरलेली पाच तशीच बांधलेली ठेवावीत. फुले मिटल्यावर पिशव्या काढाव्यात. लाल दोऱ्याच्या फळांना मुलांनी रोज खुशाल बोट दाखवावे. इतरांना दाखवू नये. आठवडाभर रोजची नोंद ठेवावी. पराग न मिळालेली फळे पिवळी पडून गळतील. लाल दोऱ्याची बहुतेक फळे वाढतील. एखादे गळाले, तर वेलीला सगळीच फळे पोसवत नाहीत, हेही सांगावे.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. तो या पाठात सहज उतरतो : वेल वाढते, भाजी मिळते आणि मूल कारण शोधावयास शिकते.

स्वाध्याय.—
१. गळलेली पाच फळे कापा व प्रत्येकात काय दिसले ते लिहा.
२. नरफूल व मादीफूल यांची चित्रे काढा.
३. कोहळ्याच्या फुलांवर सकाळी सात ते आठ या वेळात किती मधमाश्या आल्या ते मोजा.
४. घरी उरलेले कीटकनाशक परसातील वेलीवर का मारू नये, हे घरातील मोठ्यांना सांगा व त्यांनी काय उत्तर दिले ते लिहून आणा.