कुणाची गं तू?

आईबाबांनो, या सुट्टीत लेकरू आजी-आजोबांकडे गावी जाणार असेल, तर त्याला तिथल्या किराणा दुकानात एकट्यानं जाऊ द्या. वाटेत मोठा रस्ता ओलांडायचा नसेल, तर तुम्ही मागोमाग जाऊ नका.

मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात आजी मला पिशवी आणि गोडेतेलाची बाटली देऊन वाण्याकडे धाडायची. चिठ्ठी नसायचीच, तिला लिहिता येत नव्हतं. पावशेर गूळ, चहाची पुडी, खोबऱ्याची एक वाटी, असं घोकत जायचं. दुकानात गूळ, रॉकेल आणि तागाच्या पोत्यांचा मिळून एकच वास असे. ओट्यावर बसलेलं कुणीतरी विचारायचंच, "कुणाची गं तू?" मी आजोबांचं नाव सांगायची. मग लाल वही उघडली जाई आणि त्यांच्या पानावर रक्कम चढे. माझ्या शब्दावर आजोबांच्या नावानं उधार मिळतं, या जाणिवेनं मी बाटली दोन्ही हातांनी धरून घरी यायची.

बाजरी विकली की आजोबा उधारी फेडायला निघत आणि मला हाक मारत, "घेताना तू होतीस, देतानाही चल." हिशेब मिटला की वाणी माझ्या हातावर रावळगावची गोळी ठेवायचा. वालचंद हिराचंदांनी 1933 साली जिथं साखर कारखाना काढला, ते हे रावळगाव आमच्याच तालुक्यातलं. गोळी मला फार आवडायची, पण नोटा मोजणारे आजोबा मला जास्त आठवतात.

घरी धान्य मोजताना ते मापं शिकवत. दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. किलो येऊन वर्षं लोटली होती, तरी आमच्या कणगीपाशी शेरच चाले. दुपटीचा पाढा मी तिथंच शिकले.

आज मोबाइलवर बोट टेकवलं की सामान दारात येतं. तुमची दगदग वाचते, हे मलाही कळतं. पण त्यात मुलाला कुणी "तू कुणाचा?" असं विचारत नाही, आणि घेतलेलं फेडावं लागतं हे त्याच्या डोळ्यांसमोर घडत नाही. गाव उरलं नसेल, तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आजीसोबत पाठवा. सुट्टे पैसे त्यालाच मोजू द्या. एखादा जिन्नस विसरला तर पुन्हा जाईल. फक्त आजीला आधीच सांगून ठेवा, चिठ्ठी लिहून देऊ नका म्हणून.