मनाचा आजार : भगत नव्हे, वैद्य



घरातील माणूस दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्न राहते, कशात मन रमत नाही, झोप उडते, अन्न गोड लागत नाही, आपण कुचकामी आहोत असे त्याला वाटते. हा आळस नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. हा नैराश्याचा आजार होय. बाळंतपणानंतरही तो जडतो. त्याला उपचार आहे.

धम्म स्वीकारताना आपण अंगारे-धुपारे सोडले. तरीही सून अबोल झाली की तिला भगताकडे नेणारी घरे आहेत. पैसा जातो आणि आजार वाढतो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने लोळणाऱ्या एका भिक्षूकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून निजविले. रुग्णाने दुखणे खरे सांगावे आणि औषध घ्यावे, शुश्रूषा करणाऱ्याने ती मैत्रीभावाने करावी, असेही त्यांनी शिकविले. जीवक वैद्याचे औषध त्यांनी स्वतः घेतले. मग मनाच्या दुखण्याला वैद्य का नको?

उपचार कोणते?

१) संवादोपचार : आजार सौम्य असेल तर प्रशिक्षित समुपदेशकाशी ठरावीक भेटी पुरतात. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही गुण आणला. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

२) औषधे : गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. प्रारंभी मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. मनाने एकदम बंद करू नयेत.

३) विजेचे उपचार : आजार फार तीव्र असेल तरच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ते भूल दिल्याविना करण्यास मनाई केली आहे.

वंदना व ध्यान यांनी धीर येतो, परंतु ती औषधाची जागा घेत नाहीत. दारूने तर आजार बळावतो.

जायचे कोठे? जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाची चौकशी करावी. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीत बोलता येते.

रुग्ण मरणाची भाषा बोलू लागला तर ती थट्टा समजू नका. कपाशीच्या फवारणीचे विष घरातून हलवा, त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. 'मरावेसे वाटते का?' असे सरळ विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट मन मोकळे होते.

'मन घट्ट कर' असा उपदेश सोपा असतो. त्याऐवजी रुग्णासोबत दवाखान्यात जा, गोळीची वेळ सांभाळा, दोन घास भरवा. रुग्णाची सेवा ती हीच.