एक छप्पर, अनेक खेळ

जून महिना लागला, की वसई-विरार परिसरात पावसाला सुरुवात होते. समुद्र जवळ असल्यामुळे येथे पाऊस भरपूर पडतो. मैदानांवर पाणी साचते. कबड्डीच्या रेषा पुसल्या जातात. शाळेतील मुलामुलींचा सराव बंद पडतो. पाऊस तर हवाच, पण खेळही थांबू नये. मग काय करावे? यावर एक उपाय आहे, तो म्हणजे बंदिस्त क्रीडागृह. त्यालाच आपण इनडोअर स्टेडियम म्हणतो.

बंदिस्त क्रीडागृह म्हणजे छप्पर असलेले मैदान. त्याच्या मध्यभागी एकही खांब नसतो. व्हॉलीबॉलसाठी मैदानाच्या वर निदान ७ मीटर मोकळी जागा लागते, म्हणून छप्पर उंच असते. बॅडमिंटनच्या फुलाचे वजन सुमारे ५ ग्रॅम असते. थोड्याशा वाऱ्यानेही ते भरकटते. म्हणून या खेळाला चार भिंतींचा आडोसा लागतो. जमीन बहुधा लाकडी असते. लाकूड किंचित दबते, त्यामुळे उडी मारणाऱ्याच्या गुडघ्यांना कमी हिसका बसतो.

एकाच जागेत अनेक खेळ कसे मावतात? बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. बॅडमिंटनचे मैदान १३.४० मीटर लांब व ६.१० मीटर रुंद असते. म्हणजे बास्केटबॉलच्या एका मैदानात बॅडमिंटनची तीन मैदाने आडवी बसतात. प्रत्येक खेळाच्या रेषा वेगळ्या रंगाने आखतात. सकाळी जाळी बांधली, की बॅडमिंटन सुरू होते. संध्याकाळी मॅट अंथरली, की तेथेच कबड्डी रंगते.

वसईहून लोकलने महालक्ष्मीला उतरले, की वरळीचे एन. एस. सी. आय. डोम हे क्रीडागृह फार दूर नाही. हाजी अली दर्गा त्याच्या जवळच आहे. प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी येथेच झाला. ते ऐन पावसाळ्याचे दिवस होते, पण मातीतला हा खेळ मॅटवर कोरडा राहिला. खो-खोही असाच छपराखाली आला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच!

असे क्रीडागृह संकटातही उपयोगी पडते. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा वरळीच्या याच डोममध्ये रुग्णांसाठी खाटा मांडल्या गेल्या. जेथे टाळ्या वाजत होत्या, तेथे डॉक्टर व परिचारिका रात्रंदिवस राबल्या.

क्रीडागृहात प्रदर्शने आणि गाण्याचे कार्यक्रमही होतात. त्यांच्या भाड्यातून दिवे, साफसफाई आणि दुरुस्तीचा खर्च भागतो. परंतु दर आठवड्याला सभागृह भाड्याने गेले, तर मुलांनी खेळायचे कोठे? जड खुर्च्या ओढल्या, तर लाकडी जमिनीवर ओरखडे पडतात. म्हणून वेळापत्रक आधी ठरवावे लागते. त्यात शाळांच्या सरावाचे तास राखून ठेवावेत. मुलींसाठी सोयीची वेळ असावी. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या खेळाडूसाठी उतरता रस्ता असावा. पैसे देणाऱ्यांसाठीच दार उघडले, तर मोठी इमारत उभी राहील, पण गावातील खेळाडू पावसात बाहेरच उभा राहील.

स्वाध्याय

१. बॅडमिंटनसाठी बंदिस्त जागा का लागते?
२. २०२० साली वरळीच्या क्रीडागृहाचा कोणता उपयोग झाला?
३. वाक्यात उपयोग करा : आडोसा, भरकटणे, राबणे.
४. तुमच्या शाळेला आठवड्यातून सहा तास क्रीडागृह मिळाले आहे. मुले व मुली या दोघांचाही विचार करून वेळापत्रक तयार करा.