घुबडाच्या पोटात काय सापडले?

शेतात उंदरांचा उपद्रव वाढला की आपण विषारी आमिषाकडे वळतो. पण रात्रभर फुकट राखण करणाऱ्या घुबडाला मात्र अपशकुनी म्हणून हुसकावतो. असा गैरसमज अमेरिकेतही होता. तो मोजमापाने खोडून काढणाऱ्या एका सरकारी निसर्ग-अभ्यासकाच्या कार्याची ही ओळख.

डॉ. अल्बर्ट केनरिक फिशर यांचा जन्म १८५६ साली न्यूयॉर्क राज्यात झाला. शिक्षण वैद्यकाचे, ओढ पक्ष्यांची. १८८५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने पक्षी व शेती यांचा संबंध अभ्यासण्याचे काम डॉ. मेरियम यांच्याकडे सोपविले. फिशर त्यांचे सहकारी झाले.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया राज्याने कोंबड्या वाचविण्यासाठी ससाणे व घुबडे मारणाऱ्यास दर पक्ष्यामागे ५० सेंट बक्षीस लावले. वीझल व मिंक या लहान प्राण्यांवरही बक्षीस होते. दीड वर्षात सुमारे ९०,००० डॉलर खर्ची पडले. मेरियम यांच्या हिशेबाने वाचलेल्या कोंबड्यांची किंमत होती अवघी १,८७५ डॉलर! उंदीर व किडी खाणारे पक्षी गेल्याने झालेले नुकसान वेगळेच.

फिशर यांनी वाद न घालता पक्ष्यांची जठरे तपासली. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. हानिकारक प्रकार वगळता उरलेल्या २,२१२ जठरांपैकी ५६ टक्क्यांत उंदीर व इतर लहान सस्तन प्राणी, २७ टक्क्यांत कीटक, तर कोंबड्या किंवा शिकारीचे पक्षी फक्त साडेतीन टक्क्यांत आढळले. ७३ प्रकारांपैकी केवळ सहा प्रकार त्यांनी हानिकारक ठरविले. म्हणजे त्यांनी सरसकट सर्वांना निर्दोषही म्हटले नाही.

घुबड न पचलेली हाडे व केस गोळीच्या रूपाने ओकून टाकते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या मनोऱ्यातील गव्हाणी घुबडांच्या अशा २०० गोळ्या फिशर यांनी फोडल्या. त्यांत ४५४ कवट्या निघाल्या. बहुतेक सर्व उंदीरवर्गीय प्राण्यांच्या. पक्ष्याची फक्त एक!

फिशर १९३१ मध्ये निवृत्त झाले व १९४८ मध्ये वारले.

गव्हाणी घुबड आपल्याकडेही जुने वाडे, विहिरी व झाडांच्या ढोलीत राहते. यासाठी :

१) घुबडाचे घरटे मोडू नये. त्याला मारणे कायद्यानेही गुन्हा आहे.
२) शेतात पक्ष्यांना बसण्यासाठी थांबे उभारावेत.
३) विषाने मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत, ते खाऊन घुबडेही दगावू शकतात.
४) घुबडाच्या बसण्याच्या जागेखालील गोळी पाण्यात भिजवून फोडावी व कवट्या मोजाव्यात.

मित्र कोण, शत्रू कोण, हे ऐकीव गोष्टींवरून न ठरविता स्वतः पडताळून ठरवावे.