लिथियम बॅटरी घेतली, पण चार्जरचे सेटिंग बदलले का?

दुकानदार व कारागीर बांधवांनो, वीज गेली की शिलाई मशीन थांबते आणि गिऱ्हाईक परत जाते. म्हणून नांदुऱ्यातील आपल्या कापड दुकानात मी पाण्याची जुनी बॅटरी काढून लिथियम आयर्न फॉस्फेटची बसवली. इन्व्हर्टर मात्र जुनाच ठेवला. महिनाभरात ऐन लग्नसराईत बॅटरी चार्जिंग मध्येच तोडू लागली. विकणाऱ्याने "बॅटरी खराब, दुसरी घ्या" असे सांगितले. एका जाणत्या मेकॅनिकने मीटर लावला, तेव्हा दोष बॅटरीत नव्हे, चार्जरच्या सेटिंगमध्ये निघाला.

हिशेब सोपा आहे. १२.८ व्होल्टच्या बॅटरीत ३.२ व्होल्टचे ४ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट, म्हणजे चारांची १४.६. पाण्याच्या बॅटरीचा चार्जर 'इक्वलायझेशन' करताना १५ व्होल्टच्याही वर जातो. तेव्हा लिथियम बॅटरीतील बीएमएस हे संरक्षक सर्किट चार्जिंग तोडते. ते रोजच्या वापराचे बटन नव्हे, शेवटचा पहारेकरी आहे.

बॅटरीसोबतच्या कागदावरील आकडे पहिले मानावेत. ते नसतील तर साधारणपणे असे ठेवावे :

१) चार्जिंग व्होल्टेज १४.० ते १४.२. सेल समान करण्याचे काम भरत आल्यावरच होते, म्हणून फार कमीही ठेवू नये.

२) त्या व्होल्टेजवर थांबण्याची वेळ अर्धा तास पुरे.

३) फ्लोट १३.४ ते १३.५. लिथियमला सदैव काठोकाठ भरून ठेवण्याची गरज नसते. आपल्याकडील उन्हाळ्यात तसे ठेवल्यास आयुष्य घटते.

४) इक्वलायझेशन बंद.

५) तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय बंद, नाहीतर थंडीत चार्जर व्होल्टेज वाढवतो.

६) लोड तोडण्याची खालची मर्यादा १२ व्होल्टच्या आसपास.

२४ व्होल्टच्या संचाला व्होल्टेजचे हेच आकडे दुप्पट करावेत. बाजारात 'लिथियम' नावाने इतर जातीच्या बॅटऱ्याही मिळतात, त्यांना हे आकडे लागू नाहीत. जात कोणती, हे बॅटरीवर वाचून घ्यावे.

इन्व्हर्टरमध्ये लिथियमचे सेटिंग नसेल तर नुसत्या नावावर जाऊ नये. बॅटरी पूर्ण भरत आली असताना तिच्या टोकांवर मल्टिमीटर लावून पाहावे. काटा १४.६ ओलांडत असेल तर तो चार्जर या बॅटरीला चालणार नाही.

सुती कापडाची इस्त्री त्याच आचेवर रेशमावर फिरवली तर दोष रेशमाचा नसतो. माझी बॅटरी सेटिंग बदलल्यापासून नीट चालते आहे. दुसरी घेण्याचा खर्च वाचला. तेव्हा खरेदीच्या वेळीच चार्जिंग व फ्लोटचे आकडे बिलावर लिहून मागावेत आणि इन्व्हर्टर त्याप्रमाणे लावून घेतल्याशिवाय कारागिराला सोडू नये.