स्वभाव आणि गुन्हा

स्वभावाला औषध नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण अमक्या स्वभावाचा माणूस गुन्हा करणारच, असे म्हणता येईल काय?

इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पुढे १९६४ साली मानसशास्त्रज्ञ आयझेंक यांनी बहिर्मुख स्वभावाचा गुन्ह्याशी संबंध जोडला; नंतरच्या अभ्यासांत तो धागा कच्चा निघाला. उतावळेपणाचा, मनाला लगाम नसण्याचा संबंध मात्र टिकला. तरी उतावळा तेवढा गुन्हेगार, असं नव्हे.

आम्हा इस्लामपूरकरांना दाखला जिल्ह्यातच आहे. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर पाहा. १९३९ साली औंध संस्थानात मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेने ही कैद्यांची खुली वसाहत झाली. खुनाची शिक्षा झालेली माणसं तिथे तटाभिंतीवाचून शेती करू लागली. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट त्यावरूनच सुचला.

माणूस तोच, बदलले ते काम, सोबत आणि विश्वास. म्हणून शिक्षा भोगून कुणी गावी परतला, तर त्याचा स्वभाव चिवडीत बसू नये. त्याला काम द्यावे, पंगतीत जागा द्यावी. तपासायचाच तर आपण आपला उतावळेपणा तपासावा.